तापरांदिचचा बिनडाग गहू

लोक गहू पेरतात आणि रोगाला शिव्या देतात. आम्ही केनियात न्जोरोला आधी गहू पेरतो, मग रोग पेरतो, आणि वर पगारही घेतो. कुठकुठल्या देशांतून गव्हाची पाकिटं आमच्या गहू संशोधन केंद्रावर येतात. प्रत्येकाच्या दोन-दोन ओळी लावायच्या, कडेच्या रोपांच्या खोडात तांबेऱ्याचं पाणी सुईने टोचायचं, पुढचं काम वारा करतो. मग कोण टिकलं, कोण मेलं, हे वहीत लिहायचं. माझी सासू मरेपर्यंत सगळ्यांना सांगायची की आमची गाथोनी दवाखान्यात सुया देते. मी कधी तिचं बोलणं खोडून काढलं नाही.

या कामात माझी जोडीदारीण तापरांदिच. बावीस वर्षं आम्ही एकाच ओळीतून चाललो. ती पुढे, मी वही घेऊन मागे. ती वाकायची, उजव्या अंगठ्याने खोड खालून वर पुसायची आणि आकडा म्हणायची. शंभरातलं किती खोड तांबेऱ्याने खाल्लं, तो आकडा. "चाळीस." "साठ." "पाच." एकदा बोलली की बोलली. परदेशातून शिकायला आलेली पोरं तेच खोड भिंग लावून दहा मिनिटं बघायची आणि शेवटी तिचाच आकडा लिहायची. तिचा अंगठा कायमचा विटकरी झाला होता. साबणाने जायचा नाही. मी म्हणायचे, "तुझं बोट मतदानात घेणार नाहीत गं, म्हणतील हिने आधीच मत दिलंय."

तिची जमात वेगळी; ती म्हणायची, "तुम्ही किकुयू बायका तोंडानेच दहा मतं टाकता, मला कोण अडवतंय?"

तापरांदिच मूळची वर डोंगरातल्या माऊ नारोकची. सातवीपर्यंत शाळा. मोलोकडे लग्न करून दिलं होतं, नवऱ्याने चौथ्या वर्षी दुसरी आणली आणि ही पाठीला पोर बांधून भावाच्या दारात उभी राहिली. भाऊ अराप सिगिलाई हिच्यापेक्षा अठरा वर्षांनी मोठा. आमच्याकडे अशा बाईला भाऊ आधी चार गोष्टी ऐकवतो, मग भाकरी देतो. या माणसाने एक शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे तो तिच्या झोपडीसाठी खड्डे खणत होता. पुढे शेताचा एक एकर तुकडाही तिच्या नावाने बाजूला काढला. हे मला तिने दोनदा सांगितलं, आणि दोन्ही वेळेला लगेच उठून पुढच्या ओळीत गेली.

ती केंद्रावर आली ती रोजाने खुरपायला. खुरपता खुरपता तिने डॉक्टर ओबुरांना सांगितलं, "साहेब, या ओळीत दोन जातींची सरमिसळ झाली आहे, पाचवं आणि नववं रोप वेगळं आहे." डॉक्टरांनी तपासलं तर खरंच. तेव्हापासून तिच्या हातातलं खुरपं गेलं. ती केंद्राजवळच राहायला आली, शनिवारी तेवढी भावाकडे जायची.

डॉक्टर ओबुरा आमचे मुख्य शास्त्रज्ञ. किसुमूकडचे, लुओ जमातीचे, आवाज ढोलासारखा, पण समजावून सांगायची हौस भारी. चहाच्या सुट्टीत आम्हा बायकांना बसवून ते गव्हाच्या पोटातल्या गोष्टी सांगायचे.

"हे बघा, गव्हाच्या प्रत्येक पेशीत जनुकं असतात. त्यातलं एखादं पहारेकरी असतं. त्याला तांबेऱ्याची एकच खूण ओळखता येते. ती खूण दिसली की तो आरोळी ठोकतो, आणि आजूबाजूच्या पेशी स्वतःला जाळून घेतात."

"स्वतःलाच?" मी विचारलं.

"तांबेरा जिवंत पेशीवरच जगतो ना, गाथोनी. जळक्या पेशीत त्याला खायला काय मिळणार? चार पेशी मरतात, झाड वाचतं. खोडावर सुईच्या टोकाएवढा पांढरा ठिपका राहतो, तोही बघणाऱ्यालाच दिसतो."

तापरांदिच म्हणाली, "मग तो पहारेकरी सारखाच का ओरडत नाही? म्हणजे कुणी येणारच नाही."

डॉक्टर खूश झाले. म्हणाले, "सारखा ओरडला तर झाड स्वतःलाच जाळत बसेल, खुरटेल, दाणा धरणार नाही. म्हणून त्याला गप्प बसवणारी दुसरी जनुकं असतात. कधी बोलायचं आणि कधी तोंड मिटायचं, यावरच गव्हाचा सगळा संसार चालतो."

"आमच्या गाथोनीत ती दुसरी जनुकं घालायची राहिली," तापरांदिच म्हणाली आणि सगळ्या बायका चहा सांडेपर्यंत हसल्या. मला राग आला होता. आता आठवलं की नुसतं बरं वाटतं.

अशा वर्षांत ती एक जात आली. कागदावर तिला लांबलचक नंबर होता, लोकांनी नाव ठेवलं साफी, म्हणजे स्वच्छ. आम्ही आणून आणून तिच्यावर रोग घातला, पण खोड आरशासारखं. तापरांदिच ओळीशी पोचायची, अंगठा फिरवायची आणि म्हणायची, "शून्य." चार हंगाम शून्य. आजूबाजूच्या ओळी विटकरी होऊन कोलमडलेल्या आणि मधे ही हिरवीगार. त्या दोन ओळींशी ती उगीच जास्त वेळ बघत उभी राहायची. मीही लिहिताना शून्य जरा गोल, जरा मोठं काढायचे. दिवसभर चाळीस-साठ-ऐंशी ऐकणाऱ्या माणसाला शून्याचा मोह पडतो, हे बाहेरच्याला नाही कळायचं.

त्या वेळी अराप सिगिलाईच्या शेतात वेगळाच गहू होता. त्याच्या बापापासूनचा. ओंबी पिकताना काजळी धरल्यासारखी काळी पडायची, म्हणून सगळे त्याला काळतोंड्या म्हणायचे. व्यापारी नाक मुरडायचे, म्हणायचे, "म्हाताऱ्या, हा काय चुलीतून काढलास?" त्याच्यावर तांबेरा दर वर्षी यायचा. उशिरा यायचा, बेताने यायचा, पंधरा-वीसपर्यंत चढायचा आणि तोवर दाणा भरून झालेला असायचा. डॉक्टरांनी एकदा त्याच्या ओंब्या हातात घेऊन पाहिल्या होत्या.

"हा काळेपणा बघून ठेवा," ते म्हणाले होते. "यात मोठा पहारेकरी नाही. बारकी बारकी चार-पाच जनुकं असावीत, झाड वयात आल्यावर जागी होणारी. एकटं कुणीच रोगाला थांबवत नाही, सगळी मिळून त्याचे पाय ओढतात. मी शेतकरी असतो तर असला थोडा मळका गहू ठेवला असता."

तापरांदिचने ऐकलं, मान डोलावली. पण तिच्या डोक्यात आकडे होते. एकीकडे वीस, एकीकडे शून्य. साफीला परवानगी मिळून बियाणं बाजारात आलं त्या वर्षी तिच्या भावाच्या अंगणात गावची माणसं जमली. मीही गेले होते. सगळ्यांनी तिला विचारलं. ती उभी राहिली आणि म्हणाली, "मी चार वर्षं माझ्या हाताने तिच्यावर रोग घातलाय. तिला काही होत नाही. साफी पेरा."

"आणि काळतोंड्या?" अराप सिगिलाईने विचारलं.

"दादा, मळकं फडकं किती दिवस जपणार?"

म्हाताऱ्याने दाढी खाजवली. मग म्हणाला, "रोगाशी रोज उठणंबसणं तुझं. तू म्हणतेस तर ठीक." काळतोंड्याचं घरातलं शेवटचं पोतं त्या महिन्यात नातू वयात आल्याच्या विधीच्या जेवणाला दळलं. चपात्या फार गोड झाल्या होत्या. मी चार खाल्ल्या.

सहा हंगाम साफी चालली. गावात पत्र्याची छपरं चढली, अराप सिगिलाईने दुसरी गाय घेतली. बाजारात बायका तापरांदिचला वाट करून द्यायच्या. रस्त्यावरून जाताना ती भावाच्या शेताकडे बघायची आणि तिच्या चेहऱ्यावर एक समाधान यायचं. घरी परत आलेल्या बहिणीने फेड केली होती.

मग तो सप्टेंबर आला. मंगळवार होता, रात्रभर पाऊस पडून गेला होता. आम्ही नेहमीसारख्या चाललो होतो. साफीच्या ओळीशी आलो आणि तापरांदिच वाकता वाकताच म्हणाली, "शून्य." मी लिहिलंसुद्धा. तिचा अंगठा मात्र खोडावरच राहिला.

"थांब," ती म्हणाली. "खोडून टाक तो आकडा."

"काय झालं?"

तिने अंगठा माझ्यापुढे धरला. त्याच्यावर ताजी विटकरी भुकटी होती. खोडावर बोटाच्या पेराएवढे लांब फोड उठले होते, साल फाडून बाहेर आलेले. पांढरा ठिपका एकही नव्हता.

"वीस," ती म्हणाली. बावीस वर्षांत पहिल्यांदा तिने आकडा हळू आवाजात सांगितला. पुढच्या आठवड्यात तीच ओळ साठवर गेली.

डॉक्टर ओबुरांनी नमुने काढले, रोपवाटिकेत टोचून पाहिले, बाहेर पाठवले. पण निकाल यायच्या आधीच त्यांनी आम्हाला बोलावून सांगितलं की तांबेऱ्याची नवी जात आली आहे.

तापरांदिचने विचारलं, "म्हणजे पहारेकरी मेला?"

"नाही गं. जनुक जिथल्या तिथे आहे, जागं आहे. चोराने ती खूण टाकून दिली, एवढंच. आता चोर समोरून जातो आणि पहारेकऱ्याला तो दिसत नाही. झाडाकडे लढायचं सगळं सामान आहे, पण हुकूम सुटत नाही. म्हणून ते उभ्या उभ्या स्वतःला खाऊ देतं."

मला त्या दिवशी डॉक्टरांचा राग आला. इतकं नीट समजलेलं असतं तुम्हाला, मग थांबवा की! पण ते खुर्चीत असे बसले होते की मी त्यांच्यापुढे नुसता चहा ठेवला. त्यांनी त्याच दिवशी इशारा काढला. रेडिओवरही सांगितलं: साफी लावलेल्यांनी ताबडतोब औषध फवारावं. माऊ नारोकच्या दुकानात औषधाच्या बाटल्या होत्या त्या दुपारपर्यंत मोठ्या शेतवाल्यांच्या गाड्यांत गेल्या. पुढचा माल दहा दिवसांनी येणार होता.

शनिवारी आम्ही दोघी वर गेलो. अराप सिगिलाई शेताच्या कडेलाच भेटला. गहू छातीएवढा, दाणा दुधात आलेला. वरून बघितलं तर दृष्ट लागावी असा.

"रेडिओवाले काहीही बोलतात," तो म्हणाला. "बघ, एक डाग नाही. तुझी साफी आहे ही."

तापरांदिच शेतात शिरली. खाली बसली, एका खोडाचं पान सोडवलं आणि आत अंगठा फिरवला. दुसऱ्याचं. तिसऱ्याचं. मी तिच्या मागे उभी होते, मला तिचा अंगठा दिसत होता. म्हाताऱ्याला दिसत नव्हता. तिने तो मुठीत झाकला आणि म्हणाली, "दादा, दूध काढलंस का आज? चहा कर ना."

तो गेल्यावर ती तिथेच मातीत बसून राहिली. "किती?" मी सवयीने विचारलं आणि माझीच मला लाज वाटली.

"पाच," ती म्हणाली. "महिनाअखेर ऐंशी."

चहा झाल्यावर तिने त्याला सांगितलं. तो म्हणाला, "मग औषध मारू." औषध नव्हतं. ती रविवारी खाली नारोक शहरापर्यंत जाऊन आली, पाचजणांना पुरेल एवढं मिळालं. सोमवारपासून पाऊस. आमच्याकडचा तो थंड, बारीक, थांबल्यासारखा वाटून पुन्हा सुरू होणारा पाऊस. सकाळी फवारलं की दुपारी धुऊन जायचं. तिने रजा काढली होती. नऊ दिवस ती बाटली घेऊन आभाळाकडे बघत बसली. मला फोन करायची, तिकडे पाऊस आहे का एवढंच विचारायची. मी इकडचं केंद्रातलं सांगत राहायचे, कुणी काय खाल्लं, कुणाची गाय व्याली. दुसरं काय करणार?

शेतं पंधरा दिवसांत बदलली. आधी हिरव्यात लालसर झाक, मग सगळंच विटकरी. पिकातून चाललेला माणूस कंबरेपर्यंत लाल होऊन बाहेर यायचा. खोडं मोडून पडली. दाणा चोळला तर हातात नुसता कोंडा. मळणीयंत्राचा मालक येऊन बांधावर उभा राहिला, एक ओंबी चोळली, फुंकली आणि यंत्र वळवून घेऊन गेला.

शेजारची चेमुताई नावाची बाई फटकळ. ती वाटेत तापरांदिचला म्हणाली, "तिकडे रोग पेरता आणि बुटांना लावून इकडे आणता. आम्हाला काय कळत नाही?"

मी भांडायला पुढे सरकले होते. आम्ही बूट, झगे सगळं केंद्राच्या फाटकातच काढतो, आंघोळ करून बाहेर पडतो. तापरांदिचने माझा हात धरला. पुढे गेल्यावर म्हणाली, "तसं असतं तर बरं झालं असतं. बूट धुता आले असते."

तिच्या मनात काय चाललं होतं ते मला पुढच्या शनिवारी कळलं. ती घरोघर काळतोंड्या शोधत फिरत होती. माळे, मडकी, छपरात खोचलेल्या ओंब्या. कुणाकडे मूठभरही नव्हता. सगळ्यांनी तिच्या शब्दावर मोकळं केलं होतं. डॉक्टरांच्या शीतगृहातही नव्हता. जगभरच्या गव्हाची पाकिटं त्या खोलीत आहेत, पण काळतोंड्याला ना नंबर ना नाव, आणि दिसायला असा, की जपून ठेवावा असं कुणालाच वाटलं नाही.

"डॉक्टर, दुसरं काहीतरी असेलच ना पेरायला?" तिने विचारलं.

"तीन ओळी बऱ्या दिसतात," ते म्हणाले. "पण एकच हंगाम पाहिल्यात. आता मी शून्य बघून होकार देणार नाही, तापरांदिच. आणि बियाणं वाढवायलाच दोन-तीन वर्षं जातील. आज नाव सांगितलं तरी पेरायला दाणा कुठे आहे?"

"नाव तरी सांगू का त्यांना?"

"तुला खात्री आहे का?"

तिने मान हलवली. नाही.

डिसेंबरात तिच्या भावाच्या अंगणात पुन्हा माणसं जमली. मला वाटलं, आज हिची सालटी काढणार. मी मुद्दाम तिच्या शेजारी बसले, म्हटलं कुणी तोंड उघडलं तर त्याला आधी मी धरीन. शेतांत गाई सोडल्या होत्या, त्याही काड हुंगून सोडून देत होत्या. अराप सिगिलाईने चहा दिला, सगळ्यांचा पिऊन होईपर्यंत थांबला आणि म्हणाला,

"झालं ते झालं. रोगाला कुणी पाहिलंय? आता बोल, पुढच्या वर्षी काय पेरायचं?"

सगळी तोंडं तिच्याकडे वळली. चेमुताईचंसुद्धा. एकाच्याही चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर आम्ही दोघींनी तो निभावून नेला असता.

"दादा," तापरांदिच म्हणाली, "मला माहीत नाही."

माणसं आणखी पुढे सरकून बसली.

"खरंच माहीत नाही. मी सांगितलेलं ऐकून तुमचं सगळं गेलं. मी आता नाव घेणार नाही. कुणालाच माहीत नाही, साहेबांनाही नाही."

अराप सिगिलाई तिच्याकडे बघत राहिला. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर समजल्यासारखं आलं. त्याने मान डोलावली आणि बाकीच्यांकडे वळून आवाज खाली घेतला.

"तिला छळू नका रे. सरकारी काम आहे. वरून बंदी असेल. बोलली तर तिच्या पोटावर पाय येईल."

"हां, हां," चारजण म्हणाले. "तेही खरंच. बंदी असणारच."

"तसं नाही दादा..." ती म्हणाली.

"असू दे, असू दे." त्याने तिच्या पाठीवर थोपटलं. "आम्ही नांगरून ठेवतो. तू सांगशील तेव्हा पेरू."

तिने माझ्याकडे बघितलं. मी बावीस वर्षं तोंड चालवणारी बाई, मी रिकामे कप गोळा करायला लागले.

त्यांनी खरंच नांगरून ठेवलं. पेरणीचा मार्च गेला, एप्रिल गेला, शेतं काळी उघडी पडलेली. शेजारच्या गावात लोकांनी बटाटे लावले, वाटाणा लावला. यांनी काहीच लावलं नाही, हे थांबले. तापरांदिच दर शनिवारी मटाटू गाडीतून उतरते तेव्हा म्हातारा कुंपणाशी उभा असतो. आजूबाजूला कुणी ऐकत नाही ना, ते आधी बघून घेतो, मग तिच्या कानाशी वाकतो आणि विचारतो, "उठली का गं बंदी?"